कृष्णविवरांपासून पृथ्वीला खरोखर धोका आहे का?

क्षितिजरेषा

कृष्णविवरांविषयी जे लेख आणि चित्रफिती पाहायला मिळतात, त्यांतून माझ्या मनात एक गोंधळ झाला आहे आणि तो येथील जाणकारांनी दूर करावा, अशी विनंती आहे. एकीकडे सांगितले जाते की कृष्णविवर आपल्या भोवतीचे सर्व काही, अगदी प्रकाशसुद्धा, ओढून घेते आणि त्याच्या तावडीतून काहीही सुटत नाही. दुसरीकडे असेही सांगितले जाते की आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातच लाखो सूर्यांच्या वस्तुमानाचे एक कृष्णविवर आहे. ही दोन्ही विधाने खरी असतील, तर इतक्या अब्जावधी वर्षांत त्याने आपल्याला गिळले कसे नाही?

माझी दुसरी शंका अधिक अस्वस्थ करणारी आहे. कृष्णविवर स्वतः प्रकाश देत नसेल, तर एखादे भटके कृष्णविवर सूर्यमालेच्या दिशेने येत असल्याचे आपल्याला कळणार कसे? शिवाय काही वर्षांपूर्वी कणांची टक्कर घडवणाऱ्या मोठ्या यंत्रामुळे पृथ्वीवरच कृष्णविवर निर्माण होईल, अशी भीती व्यक्त झाली होती. तिचे पुढे काय झाले, हेही जाणून घ्यायला आवडेल. केवळ "घाबरू नका" असे उत्तर नको, कारणे हवी आहेत.

मृगशीर्ष

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की कृष्णविवर दुरून काहीही ओढून घेत नाही, निदान त्याच वस्तुमानाचा एखादा तारा जितके ओढेल त्याहून अधिक मुळीच नाही. गुरुत्वाकर्षणाची ओढ दोनच गोष्टींवर ठरते, समोरच्या वस्तूचे वस्तुमान किती आणि आपण तिच्या केंद्रापासून किती अंतरावर आहोत. ती वस्तू पसरलेली आहे की एका चिमुकल्या जागेत दाबली गेली आहे, याचा दूरवरच्या ग्रहाला काहीच फरक पडत नाही. समजा, या क्षणी सूर्याच्या जागी नेमक्या तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर ठेवले, तर पृथ्वी आज ज्या कक्षेत फिरते त्याच कक्षेत, त्याच वेगाने, ३६५ दिवसांत एक फेरी पूर्ण करत राहील. आठ मिनिटे वीस सेकंदांनी आकाश काळोखे होईल आणि नंतर पृथ्वी गोठत जाईल हे खरे, पण ते प्रकाश गेल्यामुळे, ओढ वाढल्यामुळे नव्हे.

फरक पडतो तो अगदी जवळ गेल्यावर. सूर्याची त्रिज्या सुमारे सात लाख किलोमीटर आहे, त्यामुळे त्याच्या केंद्रापासून दहा किलोमीटरवर उभे राहण्याचा प्रश्नच येत नाही, कारण तेथे पोहोचेपर्यंत त्याचे जवळपास सर्व वस्तुमान आपल्या मागे आणि भोवती पसरलेले असते. तेच वस्तुमान सुमारे तीन किलोमीटर त्रिज्येच्या गोलात मावले, तर मात्र आपण सगळ्या वस्तुमानाच्या अगदी लगत जाऊ शकतो, आणि तेथली ओढ इतकी प्रचंड असते की प्रकाशालाही परत फिरता येत नाही. म्हणजे कृष्णविवराचा भयंकरपणा खरा आहे, पण तो त्याच्या अंगणापुरता आहे. न फिरणाऱ्या कृष्णविवराभोवती त्याच्या त्रिज्येच्या तिप्पट अंतराबाहेर स्थिर वर्तुळाकार कक्षा शक्य असतात. सूर्याएवढ्या कृष्णविवरासाठी हे अंतर सुमारे नऊ किलोमीटर भरते. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातले अंतर पंधरा कोटी किलोमीटर आहे.

आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवराचे नाव सॅजिटेरियस ए-स्टार असे आहे. त्याचे वस्तुमान सुमारे ४३ लाख सूर्यांइतके आणि आपल्यापासूनचे अंतर सुमारे २७ हजार प्रकाशवर्षे आहे. आपण त्याच्याभोवती फिरतो असे म्हणण्याची पद्धत आहे, पण ते नीटसे बरोबर नाही. सूर्याच्या कक्षेच्या आत जे तारे, वायू आणि अदृश्य पदार्थ आहेत, त्यांचे एकत्रित वस्तुमान त्या कृष्णविवराच्या हजारो पट आहे आणि सूर्याला कक्षेत धरून ठेवतात ते हे सर्व मिळून. उद्या ते कृष्णविवर नाहीसे झाले, तरी सूर्याच्या वाटेत जाणवण्याजोगा बदल होणार नाही.

याहून बोलका पुरावा एस-२ नावाच्या ताऱ्याचा आहे. तो त्या कृष्णविवराभोवती साधारण सोळा वर्षांत एक फेरी मारतो. मे २०१८ मध्ये तो त्याच्या सर्वांत जवळून गेला, तेव्हा त्यांच्यातले अंतर पृथ्वी आणि सूर्य यांच्या अंतराच्या सुमारे १२० पट होते आणि ताऱ्याचा वेग सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरच्याही पुढे गेला होता. इतक्या जवळून जाऊनही तो गिळला गेला नाही, आपल्या लंबवर्तुळावरून पुन्हा दूर निघून गेला. अशा ताऱ्यांचा अनेक वर्षे मागोवा घेतल्याबद्दल राइनहार्ड गेन्झेल आणि आंद्रेया गेझ यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षीच्या पारितोषिकाचा अर्धा वाटा रॉजर पेनरोज यांना मिळाला, तो कृष्णविवरे ही सापेक्षता सिद्धांताची अटळ निष्पत्ती आहे हे दाखवल्याबद्दल.

अंशुमापक

मृगशीर्ष यांच्या उत्तराला थोडी पुस्ती जोडतो, कारण मूळ प्रश्नात कृष्णविवर म्हणजे नेमके काय, हा प्रश्नही दडलेला आहे.

ज्या वस्तूपासून प्रकाशही सुटू शकणार नाही अशा वस्तूची कल्पना जॉन मिशेल यांनी १७८३ मध्येच मांडली होती, पण तिला खरा आधार मिळाला तो आइनस्टाइन यांच्या सापेक्षता सिद्धांतामुळे. त्या सिद्धांताच्या समीकरणांची कार्ल श्वार्झशिल्ड यांनी काढलेली उकल १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि प्रत्येक वस्तुमानासाठी एक ठरावीक त्रिज्या तिच्यातून निघाली, जिच्या आत ते वस्तुमान दाबले की त्याचे कृष्णविवर होते. पृथ्वीसाठी ही त्रिज्या जेमतेम नऊ मिलिमीटर आहे. अर्थात पृथ्वी आपोआप तेवढी दाबली जाण्याचे कोणतेही कारण निसर्गात नाही.

तारे मात्र कोसळू शकतात. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिले की श्वेत बटू ताऱ्याचे, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या दाट गाभ्याचे, वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून अधिक असेल, तर तो स्वतःचा भार पेलू शकत नाही. या निष्कर्षाला त्या वेळी कडवा विरोध झाला आणि तो मागे पडला, याची मला आजही खंत वाटते, कारण पुढचा सगळा विचार त्या पायावरच उभा आहे. श्वेत बटूंहूनही कितीतरी घन अशा न्यूट्रॉन ताऱ्यांनाही अशीच एक मर्यादा असते, ती सूर्याच्या दोन ते तीन पटींच्या दरम्यान. तिच्यापुढे गेलेल्या गाभ्याला थोपवणारे काही उरत नाही. आपल्या सूर्यावर ही वेळ येणार नाही. सुमारे पाच अब्ज वर्षांनी तो फुगून तांबडा राक्षसी तारा होईल आणि शेवटी श्वेत बटू होऊन थंड होत राहील. कृष्णविवर होण्याइतके वस्तुमानच त्याच्यापाशी नाही.

आता त्याचे स्वरूप पाहू. कृष्णविवराला घन पृष्ठभाग नसतो. ज्या सीमेला घटनाक्षितिज म्हणतात, ती पदार्थाची भिंत नसून एकमार्गी हद्द आहे. ती ओलांडल्यावर पुढच्या साऱ्या वाटा आतच जातात, कारण तेथे अवकाश आणि काळ यांची रचनाच तशी होते. कृष्णविवर नेहमी अतिघन असते, हाही समज तपासून पाहण्यासारखा आहे. एम-८७ या दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराचे वस्तुमान सुमारे साडेसहा अब्ज सूर्यांइतके आहे. ते त्याच्या घटनाक्षितिजाच्या आकारमानाने भागले, तर सरासरी घनता आपण श्वासात घेतो त्या हवेपेक्षाही कमी येते. वस्तुमान दुप्पट झाले की त्रिज्या दुप्पट होते, पण आकारमान आठपट होते, म्हणून असे घडते. त्यामुळेच लहान कृष्णविवराजवळ जाणारी वस्तू क्षितिजाला पोहोचण्याआधीच ताणली जाऊन तिचे तुकडे होतील, पण एम-८७ मधल्या कृष्णविवराचे क्षितिज एखाद्याने ओलांडले, तर त्या क्षणी त्याला शरीरावर काहीही विशेष जाणवणार नाही. आत, केंद्राशी काय आहे, हे सांगण्यासाठी गुरुत्वाकर्षण आणि अतिसूक्ष्म कणांचे नियम सांगणारा पुंज सिद्धांत यांना जोडणारी मांडणी लागेल, आणि ती अजून कोणापाशी नाही.

याच कृष्णविवराच्या भोवतीच्या तेजस्वी वलयाची आणि मधल्या काळोख्या भागाची प्रतिमा १० एप्रिल २०१९ रोजी इव्हेंट होरायझन टेलिस्कोप या प्रकल्पाने प्रसिद्ध केली. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवराची प्रतिमा १२ मे २०२२ रोजी आली.

क्षितिजरेषा

दोन्ही उत्तरांसाठी मनापासून आभार. दूर असलेले कृष्णविवर ओढत नाही, हे पटले. पण माझी खरी भीती दूर असलेल्याबद्दल नाही, जवळ येणाऱ्याबद्दल आहे. काळोखातून येणारी काळी वस्तू दिसणार कशी? आणि ती येण्याची शक्यता किती, याचा काही हिशेब मांडता येतो का?

व्याध

हिशेब मांडता येतो, आणि तो स्वतः करून पाहण्यासारखा आहे, म्हणून सर्व पायऱ्या देतो.

गाया या युरोपीय अंतराळ दुर्बिणीच्या मोजमापांवरून असे दिसते की दर दहा लाख वर्षांत सुमारे वीस तारे सूर्यापासून सव्वातीन प्रकाशवर्षांच्या आत येऊन जातात. आकाशगंगेत ताऱ्यांच्या वस्तुमानाची कृष्णविवरे साधारण दहा कोटी असावीत असा अंदाज आहे, तर तारे किमान दहा हजार कोटी आहेत. म्हणजे सावधपणे धरले तरी हजार ताऱ्यांमागे एक कृष्णविवर. ती ताऱ्यांप्रमाणेच विखुरलेली आणि फिरणारी मानली, तर सव्वातीन प्रकाशवर्षांच्या आत एखादे कृष्णविवर सरासरी पाच कोटी वर्षांतून एकदा येईल. ऐकायला हे फार दुर्मीळ वाटत नाही. पण सव्वातीन प्रकाशवर्षे म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांच्या अंतराच्या दोन लाख सहा हजार पट. एवढ्या अंतरावरचे कृष्णविवर पृथ्वीला काहीही करू शकत नाही.

आता अंतर कमी करून पृथ्वी आणि सूर्य यांच्या अंतराच्या हजारपट धरू. नेम जितका लहान, तितका तो साधण्याचा संभव त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात कमी होतो. अंतर २०६ पट घटले की संभव सुमारे साडेबेचाळीस हजार पटींनी घटतो. पाच कोटी वर्षांना त्याने गुणले, तर उत्तर येते सुमारे दोन लाख कोटी वर्षे. विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षे आहे. म्हणजे विश्वाच्या आजवरच्या आयुष्याच्या सुमारे दीडशे पट वाट पाहिली, तर सरासरी एकदा अशी भेट घडेल. शिवाय हजारपट अंतरावरून गेलेले दहा सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर पृथ्वीच्या कक्षेवर जो विस्कळीत करणारा परिणाम करील, तो सूर्याच्या ओढीच्या पाच कोटीव्या भागाइतकाच असेल. आपली कक्षा खरोखर बिघडायची असेल, तर त्याला ग्रहांच्या प्रदेशात शिरावे लागेल, आणि तो संभव याहूनही कितीतरी कमी आहे.

ते दिसणार कसे, हा प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक गृहीतक आहे की वस्तूचा पत्ता फक्त तिच्या प्रकाशावरूनच लागतो. वजनदार वस्तूला आपले वजन लपवता येत नाही. कॅसिनी यान २००४ ते २०१७ या काळात शनीभोवती फिरत होते आणि त्याच्या रेडिओ संदेशांच्या प्रवासकाळावरून शनीचे अंतर शंभर मीटरांहूनही अधिक अचूकपणे मोजले गेले. पृथ्वी आणि सूर्य यांच्या अंतराच्या हजारपट दूर असलेले दहा सूर्यांचे वस्तुमान शनीला एका वर्षात काहीशे किलोमीटर इतके हलवेल. दहा हजारपट दूर असले, तरीही वर्षाला अर्धा किलोमीटर किंवा त्याहून थोडे अधिक. इतका मोठा फरक मोजमापांत लपून राहणे शक्य नाही, आणि तो दिसलेला नाही. तेव्हा तेवढ्या परिसरात असे काही नाही, असे आपण आज ठामपणे म्हणू शकतो. सेकंदाला पन्नास किलोमीटर या नेहमीच्या वेगाने दहा हजारपट अंतर कापायला साडेनऊशे वर्षे लागतात. कृष्णविवर अचानक दाराशी येऊन उभे राहते, ही कल्पना या एकाच आकड्यापुढे टिकत नाही.

एकट्या भटकणाऱ्या कृष्णविवराचा शोध लागतो, याचेही उदाहरण आहे. २०११ मध्ये एका दूरच्या ताऱ्याचा प्रकाश काही काळ वाढला, कारण मधून जाणाऱ्या एका अदृश्य वस्तूच्या गुरुत्वाकर्षणाने तो भिंगासारखा एकवटला होता. हबल दुर्बिणीने पुढे अनेक वर्षे त्या ताऱ्याच्या स्थानातील सूक्ष्म सरक मोजली आणि २०२२ मध्ये जाहीर झाले की ती वस्तू सुमारे पाच हजार प्रकाशवर्षांवरील, सूर्याच्या साधारण सातपट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. ज्ञात कृष्णविवरांपैकी सर्वांत जवळचे, गाया बीएच-१, सुमारे १,५६० प्रकाशवर्षांवर आहे. त्याचे वस्तुमान सूर्याच्या साडेनऊपट असून त्याच्याभोवती सूर्यासारखा एक तारा सुमारे १८६ दिवसांत शांतपणे फेरी मारतो. याहून जवळ, अजून न सापडलेली कृष्णविवरे असण्याचा संभव बराच आहे, हे मी लपवू इच्छित नाही. पण जवळ म्हणजेही अनेक प्रकाशवर्षे.

तुलनेसाठी सांगतो, ग्लिझ ७१० नावाचा एक साधा तारा सुमारे तेरा लाख वर्षांनी सूर्यापासून एका प्रकाशवर्षाच्या सहाव्या हिश्शाइतक्या अंतरावरून जाणार आहे. तो सूर्यमालेला दुरून वेढणाऱ्या ऊर्ट मेघातील काही धूमकेतूंना आत ढकलू शकेल. सूर्यमालेला बाहेरून काही उपद्रव व्हायचाच असेल, तर तो कृष्णविवरापेक्षा अशा साध्या ताऱ्याकडून होण्याचा संभव कितीतरी अधिक आहे.

अंशुमापक

कणांच्या टकरींविषयीचे उत्तर राहिले आहे. लार्ज हॅड्रॉन कोलायडर हे कणांची टक्कर घडवणारे यंत्र २००८ मध्ये सुरू होण्याच्या सुमारास ही भीती सर्वत्र पसरली. तिला दिले जाणारे नेहमीचे उत्तर असे की असे सूक्ष्म कृष्णविवर स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ मध्ये वर्तवलेल्या प्रारणामुळे क्षणात विरून जाईल. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही, कारण ते प्रारण आजवर कोणी प्रत्यक्ष पाहिलेले नाही. भक्कम उत्तर निसर्गानेच दिलेले आहे. अवकाशातून येणारे विश्वकिरण पृथ्वीच्या वातावरणावर सतत आदळत असतात आणि त्यांपैकी ज्यांची ऊर्जा १० चा सतरावा घात इतक्या इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर असते, त्यांच्या टकरी या यंत्रातील टकरींपेक्षा अधिक जोरदार असतात. १९९१ मध्ये अमेरिकेतील युटा येथे नोंदला गेलेला एक कण तर याच्या सुमारे तीन हजार पट ऊर्जेचा होता. साडेचार अब्ज वर्षे हा मारा चालू आहे.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला गेला होता आणि तो घेणे योग्यच होते. विश्वकिरणांच्या टकरींतून तयार झालेली सूक्ष्म कृष्णविवरे प्रचंड वेगाने पृथ्वीतून आरपार निघून जातील, पण यंत्रात समोरासमोर झालेल्या टकरीतली काही हळू असतील आणि येथेच अडकून राहतील. त्याचे उत्तर २००८ मध्येच शोधले गेले. श्वेत बटू आणि न्यूट्रॉन तारे इतके घन असतात की वेगवान सूक्ष्म कृष्णविवरालाही ते आपल्यात थांबवतील. अशी धोकादायक कृष्णविवरे टकरींतून बनत असती, तर हे तारे आतून पोखरले जाऊन केव्हाच नाहीसे झाले असते. प्रत्यक्षात अब्जावधी वर्षे वयाचे श्वेत बटू आपल्याला आकाशात भरपूर दिसतात.

दूरदर्शी

गिळले जाण्याच्या भीतीवर येथे पुरेशी चर्चा झाली आहे, पण दुसऱ्या एका मार्गाचा उल्लेख व्हायला हवा असे वाटते. कृष्णविवर जन्मताना जे घडते, ते दूरवर पोहोचू शकते. वेगाने फिरणाऱ्या प्रचंड ताऱ्याचा गाभा कोसळला की कधी कधी दोन विरुद्ध दिशांना अतिशय अरुंद आणि तीव्र झोत सुटतात आणि तो झोत आपल्या रोखाने असेल, तर गॅमा किरणांचा स्फोट दिसतो. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी आजवरचा सर्वांत तेजस्वी असा स्फोट नोंदला गेला. तो सुमारे दोन अब्ज प्रकाशवर्षांवर झाला होता आणि तरीही पृथ्वीच्या वरच्या वातावरणातील आयनांच्या थरावर त्याचा परिणाम मोजता आला. असाच स्फोट आपल्या आकाशगंगेत काही हजार प्रकाशवर्षांच्या आत, नेमका आपल्या दिशेने झाला, तर ओझोनच्या थराची मोठी हानी होऊ शकते. असे स्फोट ज्या ताऱ्यांपासून होतात ते मुळात विरळ, झोत अरुंद आणि आपल्यासारख्या जड मूलद्रव्यांनी समृद्ध झालेल्या दीर्घिकेत त्यांचे प्रमाण आणखी कमी, म्हणून हा धोका आज चिंता करण्याजोगा नाही. पण कृष्णविवरांशी जोडलेल्या धोक्यांची क्रमवारी लावायची झाली, तर मी किरणांना ओढीच्या वर ठेवीन.

क्षितिजरेषा

व्याध यांचा हिशेब मी कागदावर पुन्हा करून पाहिला आणि तो जुळला. आता शेवटचा एकच प्रश्न. ताऱ्यांपासून न बनलेली, विश्वाच्या आरंभी तयार झालेली लहान कृष्णविवरे असू शकतात, असे वाचले आहे. त्यांचे वस्तुमान कमी असेल, तर ती शनीच्या मोजमापांतही दिसणार नाहीत. तसे एखादे पृथ्वीतून गेले तर?

व्याध

अशी आद्य कृष्णविवरे असू शकतात, पण त्यांपैकी एकही आजवर सापडलेले नाही. २०१९ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी असे सुचवले होते की नेपच्यूनपलीकडच्या काही वस्तूंच्या कक्षा ज्या नवव्या ग्रहामुळे वळल्या असाव्यात असे मानतात, तो ग्रह नसून पृथ्वीच्या सुमारे पाचपट वस्तुमानाचे, मुठीएवढ्या आकाराचे कृष्णविवर असेल. तसे असले, तरी ते तेथल्या कक्षेत ग्रहाप्रमाणेच फिरत राहील.

आपण विचारता तसे लहान, म्हणजे एखाद्या छोट्या लघुग्रहाच्या वस्तुमानाचे, समजा एक लाख कोटी टनांचे कृष्णविवर घेऊ. त्याची त्रिज्या अणूपेक्षाही पुष्कळ लहान असते. सेकंदाला दोनशे किलोमीटर वेगाने ते आले, तर मिनिटाभरात पृथ्वीच्या आरपार जाईल. वाटेत त्याच्या ओढीत सापडून आत जाईल असे द्रव्य फार तर दोन-तीन किलोग्रॅम, आणि त्याच्या ओढीने खडकांत जी ऊर्जा उतरेल, ती पृथ्वीच्या संपूर्ण व्यासावर विखुरलेली असल्याने मध्यम भूकंपाहून अधिक धक्का देणार नाही. ते पृथ्वीत अडकून राहणार नाही, कारण त्याचा वेग पृथ्वीच्या ओढीतून सुटायला लागणाऱ्या मुक्तिवेगाच्या, म्हणजे सेकंदाला ११.२ किलोमीटरच्या, कितीतरी पट असेल आणि तेवढ्या प्रवासात तो जवळपास कमीच होणार नाही. भूकंपमापकांना मात्र त्याची खूण वेगळी ओळखता यावी, कारण नेहमीचा भूकंप एका ठिकाणाहून पसरतो आणि हा धक्का एका सरळ रेषेवरच्या सर्व बिंदूंतून जवळजवळ एकाच वेळी निघेल.